खालची पट्टी

"चित्र छानच आहे रे, पण खालची ती पट्टी तेवढी कापून टाक. फ्रेममध्ये कसं सुटसुटीत दिसेल!"

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कुणी भिंतीकडे बघून "चित्र छानच आहे" म्हटलं की पुढचा "पण" मीच मनातल्या मनात म्हणून घेतो. धाकट्या आत्याने म्हटलं, मामेभावाने म्हटलं, फ्रेमवाल्याने तर हातात कटर घेऊनच म्हटलं. आत्याला सगळं माफ आहे. फ्रेमवाल्याचा तो धंदाच आहे. पण हल्ली हेच वाक्य जुनी पोस्टरं जमवणाऱ्या, त्यासाठी पदरचे चांगले हजारो रुपये मोजणाऱ्या आणि स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या मंडळींकडूनही ऐकू यायला लागलंय. तिथे मात्र माझी सटकते. तेव्हा आज जरा भांडायचंच ठरवलंय. ज्यांना शांत, चिंतनशील वगैरे काही वाचायचं असेल त्यांनी पुढच्या वेळी यावं. :)

ज्यांना माझा हा नाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी समुद्रप्रवासाच्या जाहिरातींची पोस्टरं जमवतो. लोक बोटीने विलायतेला, ऑस्ट्रेलियाला, पूर्व आफ्रिकेला, अमेरिकेला जायचे त्या काळातली. त्यातही दुसरं महायुद्ध संपल्यापासून साधारण १९६५ पर्यंतची. संग्रह म्हणावा इतकं काही नाही. अकरा नग आहेत, त्यातले दोन फाटके. खरे पैसेवाले त्याच्या आधीच्या काळामागे असतात. कासांद्र या चित्रकाराने १९३५ साली केलेलं 'नॉर्मांदी' जहाजाचं पोस्टर तुम्ही नक्की पाहिलेलं आहे, नाव माहीत नसलं तरी. पाण्याच्या पातळीवरून वर बघावं तशी दिसणारी जहाजाची प्रचंड, सरळ नाळ आणि तिच्या पायाशी इवलेसे पांढरे पक्षी. मगांवर, टीशर्टांवर, कॅफेच्या भिंतींवर, सगळीकडे ते असतं. त्याची मूळ प्रत आमच्या सात पिढ्यांना परवडायची नाही. युद्धानंतरची पोस्टरं त्या मानाने साधी, जरा बाळबोध म्हणा हवं तर. सपाट, उजळ रंग, निळं पाणी, पांढरी बोट, कठड्याला रेलून हसणारी बाई. मला तीच आवडतात.

आता मुद्द्याचं. हे पोस्टर कशासाठी छापलं जायचं? घरात टांगायला नाही. तिकीट विकायला. कंपनीचं मुख्य कार्यालय लंडनला नाहीतर त्रिएस्तला. तिथे चित्रकाराकडून चित्र करून घ्यायचं, मोठ्या छापखान्यात एकदम गठ्ठ्याने छापायचं (ब्रिटिश पोस्टरांचा ठरलेला आकार म्हणजे ४० बाय २५ इंच) आणि बंदराबंदरांतल्या एजंटांकडे पाठवून द्यायचं. यातल्या पुष्कळ पोस्टरांत खाली एक पट्टी मुद्दाम कोरी सोडलेली असे. एजंट आपल्या गावच्या छापखान्यात त्या जागेवर स्वतःचं नाव, पत्ता, कधी बोट सुटायच्या तारखा छापून घेई. तेवढाही खर्च नको असेल तर कागदाची चिठ्ठी चिकटवी, नाहीतर सरळ रबरी शिक्का मारी. म्हणजे एकच चित्र मेलबर्नला एक पट्टी घेऊन लागायचं, नैरोबीला दुसरी, मुंबईला तिसरी. चित्र कंपनीचं, पट्टी गावची.

ही पट्टी नंतर लागलेला डाग नाही. ती लागल्यावरच त्या कागदाची जाहिरात होते. त्याआधी तो गोदामातला माल असतो.

पण बाजाराला हे पटत नाही. बाजाराने आपली अक्कल उधार आणलीय ती कलावंतांच्या मुद्राचित्रांच्या दुनियेतून. तिथे फ्रेंचांचा एक जुना शब्दप्रयोग आहे, 'आव्हां ला लेत्र', म्हणजे अक्षरं पडण्याआधीची प्रत. चित्राखाली मजकूर छापला जाण्यापूर्वीच्या या मोजक्या प्रती जास्त मोलाच्या मानल्या जातात. तिथे ते ठीकही असेल. पण तोच न्याय जहाजाच्या पोस्टराला लावायचा म्हणजे लग्नपत्रिकेवरचा गणपती ठेवून वधूवरांची नावं कापून टाकण्यासारखं आहे. गणपती सुंदर असेलही हो, पण लग्न कुणाचं होतं?

शिवाय अवस्थेचे दर्जे. ए, बी, सी. ए म्हणजे कोरं करकरीत. घडी नाही, टाचणीचं भोक नाही, डाग नाही, वरून छापलेलं काही नाही. थोडक्यात जे पोस्टर कधी कुठे लागलंच नाही ते सर्वांत उत्तम. कधीच न घातलेल्या पैठणीचं कौतुक करावं तसं हे कौतुक. आणि बाजाराला ए हवं म्हटल्यावर बी आणि सीची ए करून देणारी माणसं आलीच. कागद धुतात, ब्लीच करतात, घड्यांच्या रेषा रंगाने भरतात, कडा कापून सरळ करतात आणि मागे कापड चढवतात. कापडावर चढवलं की मागची बाजू कायमची झाकली जाते, आणि एजंटाचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेला हिशेब मागच्याच बाजूला असतो, हे कुणी विचारतच नाही.

माझा राग कुठून आला तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात लॉइड त्रिएस्तिनो या इटालियन कंपनीचं एक पोस्टर आलं होतं. या कंपनीच्या 'आसिया' आणि 'व्हिक्टोरिया' या जोडबोटी १९५३ पासून इटलीहून सुएझमार्गे कराची, मुंबई, कोलंबो करत हाँगकाँगपर्यंत जात. त्या पोस्टराच्या खालच्या पट्टीवर मुंबईच्या एका एजंटाचं नाव, फोर्टातला पत्ता आणि जांभळ्या शाईच्या शिक्क्याने मारलेल्या दोन तारखा होत्या. चार घड्या, डाव्या अंगाला पाण्याचा डाग, डागाचा आकार हुबेहूब श्रीलंकेसारखा. मी बोली लावली, हरलो. हरकत नाही, खेळच आहे तो. पुढे दीडेक वर्षाने युरोपातल्या एका विक्रेत्याच्या यादीत तेच पोस्टर दिसलं. कापडावर चढवलेलं, दर्जा ए, किंमत जवळजवळ सहापट. पट्टी नाही! चित्र समुद्रापाशीच संपत होतं. तेच कशावरून म्हणाल, तर धुराड्याच्या वर छापताना उडालेला निळ्या शाईचा ठिपका तसाच होता, आणि उजेड तिरका पडलेल्या फोटोत श्रीलंका अजून पुसटशी दिसत होती.

मी न राहवून त्या विक्रेत्याला लिहिलं. त्याचं उत्तर अत्यंत सभ्य होतं. म्हणाला, मूळ चित्रात नसलेली 'नंतरची भर' काढून टाकली आहे, त्यामुळे आता कलाकृती शुद्ध स्वरूपात पाहता येईल.

नंतरची भर! शुद्ध स्वरूप! अहो, हे पोस्टर मुंबईत लागलं होतं याचा जगातला एकमेव पुरावा होता तो. दोन तारखांचा. त्या तारखांना कुणीतरी घरच्यांचा निरोप घेऊन बॅलार्ड पिअरवरून गेलं असणार. आता ते कुठलंही पोस्टर झालं. न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या रंगाशी जुळतं म्हणून विकत घेतलं जाईल.

पट्टीवरचा मजकूर म्हणजे नुसती भावनेची गोष्ट असंही समजू नका. कामाची गोष्ट आहे. या पोस्टरांवर बहुतेकदा साल नसतंच. म्हणून विक्रेत्यांच्या याद्यांत सगळीकडे 'अंदाजे १९५५' असं ठोकून दिलेलं असतं. (हे 'अंदाजे १९५५' म्हणजे आपल्याकडच्या 'पेशवेकालीन'चा भाऊ.) साल काढायचं तर ते पट्टीवरून आणि तळाच्या बारीक अक्षरांवरून. पी अँड ओ आणि ओरिएंट लाइन यांचं प्रवासी बोटींचं काम १९६० मध्ये एकत्र आलं. तेव्हा 'पी अँड ओ-ओरिएंट' असं जोडनाव दिसलं की पोस्टर त्याच्या आधीचं नाही. सुएझ कालवा जून १९६७ मध्ये बंद झाला तो जून १९७५ पर्यंत. तेव्हा बंदरांच्या ओळीत पोर्ट सैद असेल तर ते बहुधा बंद होण्याआधीचं, कारण कालवा उघडला तोवर या मार्गावरच्या प्रवासी बोटी जवळजवळ संपल्या होत्या. 'आंद्रेआ दोरिया' हे नाव असेल तर काम आणखी सोपं. जानेवारी १९५३ मध्ये तिची पहिली सफर झाली आणि जुलै १९५६ मध्ये दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन ती अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाली. मुंबईच्या एजंटाचा पत्ता 'हॉर्नबी रोड' आहे की 'दादाभाई नौरोजी रोड', यावरूनसुद्धा काही ना काही कळतं. कडा कापल्या की हे सगळं गेलं, कारण छापखान्याचं नावही बहुधा तिथेच तळाच्या समासात असतं.

आणि खरं-खोटं ओळखायलाही हीच पट्टी उपयोगी. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जा, हवी तेवढी 'जुनी' पोस्टरं मिळतील, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली. भिंगाखाली ठिपके दिसले की नक्कल, असा एक सोपा नियम लोक सांगतात. युद्धाआधीच्या दगडी छपाईच्या पोस्टरांना तो बराचसा लागू पडतो, पण १९५० च्या दशकात ऑफसेट छपाई आली आणि तेव्हाच्या अस्सल प्रतीतही ठिपके असू शकतात. तेव्हा नुसतं भिंग घेऊन शहाणपणा करू नये. मात्र गावातल्या छापखान्यात खिळे जुळवून छापलेली पट्टी असेल तर अक्षरं कागदात किंचित रुतलेली असतात. मागून बोट फिरवलं तर पुष्कळदा कळतं. नक्कल करणारा चित्रासकट सगळं एकाच सपाट छपाईत उरकतो. म्हणजे बघा, ज्या गोष्टीमुळे अस्सलपणा सिद्ध होतो तीच गोष्ट अस्सलपणाच्या नावाखाली कापली जातेय.

आता आमच्या दुसऱ्या गटाकडे वळतो. हे लोक पट्टी कापत नाहीत, कारण ते पोस्टरच भिंतीवर नको म्हणतात. माझा एक विद्वान मित्र आहे. त्याच्या मते ही सगळी साहेबाची जाहिरातबाजी आहे, गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी काढलेली स्वप्नं, आणि आपण ती कौतुकाने टांगायची म्हणजे गुलामी मनोवृत्ती. अर्धं बरोबर आहे त्याचं. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या बोटींचंच घ्या. निळंशार आकाश, सोनेरी वाळू, सोनेरी केस. पण यातल्या पुष्कळ बोटी कोण भरत होतं? १९४७ पासून ब्रिटिश माणसाला दहा पौंडांत ऑस्ट्रेलियाला नेऊन सोडायची सरकारी योजना होती. बाकीचा खर्च सरकारांचा. तिथे निदान दोन वर्षं राहायचं, नाहीतर प्रवासाचे पैसे परत करायचे. योजना कुणासाठी, तर व्यवहारात गोऱ्यांसाठीच, कारण 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणाचा शेवट व्हायला १९७३ उजाडलं. म्हणजे चित्रातली ती कठड्याला रेललेली ऐषारामी बाई प्रत्यक्षात बऱ्याचदा बॉम्बहल्ल्यांनी मोडकळीला आलेल्या गावातून, रेशनच्या रांगेतून उठून, पोराबाळांसकट कायमची निघालेली असायची. १९५४ मध्ये पी अँड ओने 'स्ट्रॅथनेव्हर' आणि 'स्ट्रॅथएअर्ड' या आपल्या एकेकाळच्या दिमाखदार बोटींतले पहिला-दुसरा असे वर्ग काढून टाकले आणि सगळी बोट एकाच टुरिस्ट वर्गाची केली. चित्र तुम्हाला यातलं काही सांगत नाही. खालच्या ओळीतले 'एकच वर्ग' हे दोन शब्द सांगतात.

म्हणून मी मित्राला म्हणतो, बाबा रे, पट्टी कापली तर तुझा आरोप शंभर टक्के खरा. मग उरतं ते फक्त साहेबाचं स्वप्न. पट्टी असली तर स्वप्न किती वर्गांत, कुठून कुठवर आणि कुणामार्फत विकलं जात होतं ते त्याच कागदावर लिहिलेलं सापडतं.

'सुवर्णयुग' हा शब्द तर मला आता ऐकवत नाही. लिलावाच्या प्रत्येक यादीत, कॉफी टेबलावरच्या प्रत्येक जाडजूड पुस्तकात समुद्रप्रवासाचं सुवर्णयुग. २०१८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये 'ओशन लायनर्स: स्पीड अँड स्टाइल' हे मोठं प्रदर्शन झालं. त्याच्याशी भांडण नाही, नावातच त्यांनी वेग आणि शैली असं सांगून टाकलं होतं. पण युद्धानंतरची पोस्टरं सुवर्णयुगाची म्हणून विकणं म्हणजे दुकान बंद व्हायच्या आधीच्या सेलच्या पाटीला भरभराटीची खूण मानणं. ऑक्टोबर १९५८ मध्ये तीन-साडेतीन आठवड्यांच्या अंतराने आधी बीओएसीची कॉमेट आणि मग पॅन अ‍ॅमची बोइंग ७०७ अटलांटिकवरून प्रवासी घेऊन उडू लागली, आणि जहाजांचा खेळ संपत चालला हे कंपन्यांना दिसत होतं. पोचण्यातच निम्मी मजा आहे, अशा अर्थाचं घोषवाक्य क्युनार्ड कंपनीने १९५० च्या दशकात चालवलं होतं. ज्याच्याकडे वेग उरत नाही तो मजा विकतो! रंग अधिकाधिक उजळ होत गेले ते आनंदाने नाही. मला ही पोस्टरं आवडतात ती यामुळेच. त्यांच्यात एक घाबरलेला विक्रेता आहे, आणि तो हसतोय.

आणि आपली माणसं? मी पाहिलेल्या पोस्टरांत पाठमोरा, पांढऱ्या कोटातला, ट्रे धरलेला एखादा कारभारी दिसतो, तोही क्वचित. पी अँड ओच्या बोटी चालवायचं कोण? डेकवर कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, इंजिनात पंजाब आणि सरहद्द भागातले आगवाले, जेवणघरात आणि केबिनींत गोव्याचे तारवटी. सारंग, टंडेल, कसाब, भंडारी, टोपस अशी त्यांची उतरंड. करार वेगळा, पगार गोऱ्या खलाशापेक्षा बराच कमी. दोन सफरींच्या मधल्या काळात गोव्याची मंडळी मुंबईत धोबीतलाव-माझगावच्या कुडांमध्ये राहायची. गावागावांचे क्लब होते ते, पेटी ठेवायला जागा आणि रात्री सामुदायिक प्रार्थना. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या कितीतरी घरांत अजून त्या काळातली खलाशाची नोंदवही पत्र्याच्या पेटीत पडलेली असते. प्रत्येक सफरीची बोट, तारीख, वर्तणुकीचा शेरा. बाजारात तिला शून्य किंमत. चित्र नाही ना तिच्यात!

ब्रिटिश इंडिया कंपनीच्या 'कंपाला' आणि 'करांजा' या बोटी मुंबईहून मोम्बासा, दारेसलामकडे जायच्या. त्यांत पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांपेक्षा डेकवर वळकटी पसरून जाणारे कितीतरी जास्त. कंपनीच्या भाषेत 'अनबर्थ्ड', म्हणजे ज्यांना झोपायला फळकूटही दिलेलं नाही असे. माझ्याकडे आफ्रिकेच्या मार्गाचं एक पोस्टर आहे. चित्रात बोट, नारळ आणि सूर्यास्त. पट्टीवर मात्र तिकिटाचे प्रकार छापलेत आणि त्यात शेवटचा प्रकार हा. घरी येणारे बहुतेक लोक सूर्यास्ताची तारीफ करतात. एकदा मात्र आमच्या सोसायटीतल्या एक गुजराती आजी आल्या होत्या. चष्मा वर करून त्यांनी पट्टी वाचली, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आ अमे." हे आम्ही. बस, एवढंच. मग चहा घेतला आणि भाज्यांच्या भावांवर बोलल्या.

आता कुणी म्हणेल, मग काय कसर लागू द्यायची? बुरशी येऊ द्यायची? अजिबात नाही. आपल्या दमट हवेत कागद टिकवणं हे रोजचं युद्ध आहे, मी ते पावसाळ्याचे चार महिने लढतो. फाटलेलं जपानी कागदाने आणि गव्हाच्या खळीने मागून जोडावं, कारण ती खळ पुन्हा पाण्याने सोडवता येते. आम्लविरहित कागदात आडवं ठेवावं. थेट ऊन नको. चार घड्यांवर चिरा पडून तुकडे व्हायची वेळ आली असेल तर कापडावर चढवायलाही माझी ना नाही, फक्त त्याआधी मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो काढून तो पोस्टराबरोबर ठेवावा. पुढचं नुकसान थांबवणं वेगळं आणि झालेलं आयुष्य पुसून टाकणं वेगळं, इतकं साधं आहे. घडी पडलीय कारण ते टपालाने आलं होतं. कोपऱ्यात भोकं आहेत कारण ते भिंतीवर लागलं होतं. कडेला सिगारेटचा पिवळा धूर बसलाय कारण एजंटाच्या ऑफिसात लोक तासन् तास बसत. यातलं काय दुरुस्त करायचंय?

लॅमिनेशनवाल्यांबद्दल तर मी बोलणारच नाही. बरं, एकच वाक्य बोलतो. आपल्याकडे कुठलाही जुना कागद दिसला की "लॅमिनेट करून टाका, कायमचं टिकेल" म्हणणारा माणूस प्रत्येक गल्लीत असतो, आणि त्या गरम प्लॅस्टिकमध्ये एकदा गेलेला कागद परत सुखरूप बाहेर येत नाही. त्याचाच चुलतभाऊ म्हणजे पांढरा गोंद लावून हार्डबोर्डवर चिकटवणारा. आमच्या भागातल्या एका फ्रेमवाल्याने एका ओळखीच्या गृहस्थांचं १९५० च्या दशकातलं पोस्टर असंच कायमचं चिकटवून दिलं, वर तळाला फ्रेम बसत नव्हती म्हणून तीन इंच कापून. ते तीन इंच त्याने त्यांना परतही दिले नाहीत. केराच्या टोपलीत होते म्हणे.

संग्रह करणाऱ्या मित्रांना माझं सांगणं आहे, विकत घेताना पट्टी मागा. "वरून छापलेलं काही आहे का?" हे विचारा, आणि 'नाही' म्हटलं तर किंमत पाडून मागा. आजवर उलटं होत आलंय. दहा जणांनी जरी असं केलं तरी विक्रेत्यांची कात्री थबकेल. त्यांना चित्राशी देणंघेणं नाही तसं पट्टीशीही वैर नाही, ते गिऱ्हाइकाच्या मागणीवर चालतात. ज्यांच्याकडे मुंबई, मुरगाव, कराची, कोलंबो इथल्या एजंटांची नावं असलेली पोस्टरं आहेत त्यांनी निदान त्या तळाच्या भागाचे नीट फोटो तरी काढून ठेवावेत. कोणत्या एजंटाने कोणत्या वर्षी कुठल्या बोटीची तिकिटं विकली याची एक यादी हळूहळू मी करतोय. सध्या तेवीस नोंदी आहेत, त्यातल्या नऊ माझ्या पोस्टरांवरून.

आणि नातेवाईकांसाठी. आपल्यापैकी ज्यांच्या माळ्यावर आजोबांची, पणजोबांची ट्रंक आहे, तिच्यावर बोटीच्या कंपनीचं एखादं लेबल चिकटलेलं असण्याची दाट शक्यता आहे. गोल किंवा चौकोनी, त्यावर 'केबिन' नाहीतर 'सामानखान्यात' असं छापलेलं आणि पेनने नाव, बोट, बंदर लिहिलेलं. दिवाळीच्या साफसफाईत ते ओल्या फडक्याने पुसू नका, नखाने खरवडू नका आणि ट्रंकेला ऑइलपेंट तर मुळीच देऊ नका. मला फोन करा. शनिवार-रविवार मी मोकळाच असतो, भिंग घेऊन येतो.